शाळेत पी.टी.चे सर नाहीत. खेळासाठीचं सरकारी पाठबळ आपल्या मुलांपर्यंत कुठून पोचतं?

कळव्याची_आई | ८ जुलै, रात्री १०:४०

माझी मुलगी आठवीत आहे, ठाण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत. लांब उडी मारते. गेल्या वर्षी मनपा स्तरावर चौदा वर्षांखालील गटात तिसरी आली. तिचे पी.टी.चे सर मेअखेर निवृत्त झाले आणि ती जागा भरलेली नाही. वेळापत्रकात तास आहे, पण त्या तासाला गणित होतं. मुख्याध्यापिका बाई चांगल्या आहेत, त्यांनी स्पष्ट सांगितलं, "ताई, पद मंजूर नाही, मी कुठून आणू?"

शनिवारी तिच्याबरोबर मैदानावर गेले आणि तेव्हापासून मनाला चैन नाही. उडीचा खड्डा पावसाने भिजून, मग दोन दिवसांच्या उन्हाने वाळून असा घट्ट झाला होता की टाच टेकल्यावर धप्प आवाज येत होता. वर वाळू दिसते, खाली फरशी. सरांचा एक जुना विद्यार्थी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तो स्वतःहून येतो. त्याने वॉचमनकडून फावडं आणलं आणि वीस-पंचवीस मिनिटं एकट्याने वाळू उकरून काढली. बाटलीच्या काचेचे दोन तुकडे निघाले, ते त्याने रुमालात बांधून खिशात ठेवले. मग मुलींना उड्या मारायला दिल्या. त्याच्याकडची टेप सुरुवातीला फाटलेली आहे, म्हणून तो एक मीटरच्या खुणेपासून मोजतो आणि शंभर सेंटीमीटर वजा करून वहीत लिहितो. प्रत्येक मुलीची प्रत्येक उडी त्या वहीत आहे. या मुलाला कुणी एक रुपया देत नाही.

सरकार खेळावर खर्च करतं असं रोज वाचते. खेलो इंडिया, मिशन लक्ष्यवेध, आणखी काय काय. यातलं आमच्या खड्ड्यापर्यंत काय येऊ शकतं? कुणाकडे जायचं? ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निवृत्त_क्रीडाशिक्षक | ८ जुलै, रात्री ११:५५

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि झोप उडाली. ठाणे जिल्ह्यातल्या शाळांत तेहतीस वर्षं शिट्टी वाजवली आहे मी. जे माहीत आहे ते लिहितो.

आधी पदाबद्दल. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेवर ठरतं. पूर्वी क्रीडा, चित्रकला या विशेष शिक्षकांची पदं पटाप्रमाणे सुटायची. २८ ऑगस्ट २०१५ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, तेव्हापासून आमच्या विषयाची जागा आक्रसत गेली. माझ्या ओळखीतले कितीतरी क्रीडाशिक्षक निवृत्त झाले आणि त्यांच्यामागे कुणी आलंच नाही. जे उरले त्यांच्याकडे इतिहास-भूगोलाचे तासही आले.

शिक्षण हक्क कायदा काय म्हणतो तेही सांगतो. २००९ च्या या कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण हवं, खेळाचं साहित्य हवं असं लिहिलं आहे. सहावी ते आठवीत पट शंभराच्या वर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा, असंही आहे. शब्द नीट वाचा: अंशकालीन. शिवाय सहावीच्या खालच्या वर्गांचा त्यात उल्लेख नाही. मूल धावायला, उडी मारायला, पडायला शिकतं ते सहा ते दहा या वयात, आणि नेमकं तेच वय कायद्यातून सुटलं आहे.

समग्र शिक्षा योजनेत क्रीडा साहित्यासाठी दरवर्षी प्राथमिक शाळेला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १०,००० पर्यंत आणि माध्यमिक, उच्च माध्यमिकला २५,००० पर्यंत तरतूद आहे. ती सरकारी शाळांसाठी, म्हणजे जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांसाठी आहे. तुमची शाळा खासगी अनुदानित, त्यामुळे तिथे हा मार्ग नाही. तुम्ही वेतनेतर अनुदानातून, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चासाठी शाळेला मिळणाऱ्या सरकारी पैशातून, काही निघतं का ते विचारा आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात क्रीडांगण विकास अनुदानाची चौकशी करा. मैदान सपाट करणं, धावपट्टी, कुंपण, साहित्य हे सगळं त्यात बसतं.

आणि त्या मुलाला माझा नमस्कार सांगा. काचा खिशात घालून नेणारा पोरगा आहे तो.

आकडेमोड | ९ जुलै, सकाळी ८:१०

मोठ्या चित्राबद्दल थोडं. खेळ हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीत येतो, नोंद ३३. म्हणजे मूळ जबाबदारी राज्याची. केंद्र पैसा देतं ते योजनांमधून. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्रीय युवा आणि क्रीडा मंत्रालयाला सुमारे ३,७९४ कोटी रुपये होते, त्यात खेलो इंडियाला १,००० कोटी.

खेलो इंडियातून निवडलेल्या खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजार रुपये खर्च धरला आहे. त्यातले १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १०,००० खेळाडूच्या हातात. उरलेले प्रशिक्षण, आहार, स्पर्धा, साहित्य, शिक्षण यांवर. त्याच्या वर ऑलिंपिक पोडियम योजना, २०१४ पासूनची. तिच्या मुख्य गटातल्या खेळाडूला महिन्याला ५०,००० रुपये भत्ता मिळतो. राज्याचं मिशन लक्ष्यवेध बारा खेळांपुरतं आहे आणि तेही ऑलिंपिकच्या दिशेने आखलेलं.

म्हणजे एकदा मूल वर दिसायला लागलं की व्यवस्था त्याला धरते. यात चूक काही नाही असं माझं मत आहे. पैसा मर्यादित असेल तर गुणवत्तेवर लावायला हवा. स्वप्नील कुसाळे बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, २००९ मध्ये वडिलांनी राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारी निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्रात घातला, पुढे रेल्वेत नोकरी, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य. खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला जायला लोकांकडून पैसे गोळा करावे लागले होते. तिथून इथवर आपण आलो ते याच मार्गाने.

वागळे_रहिवासी | ९ जुलै, सकाळी ९:३०

सरकारची वाट बघत बसलात तर मुलीचं वय निघून जाईल. घोडबंदर रोडला चार-पाच अकादम्या आहेत, तिथे घाला. माझा मुलगा फुटबॉलला जातो, महिना साडेतीन हजार. पैसे जातात पण कोच वेळेवर असतो आणि मैदान स्वच्छ असतं.

कळव्याची_आई | ९ जुलै, दुपारी २:०५

@वागळे_रहिवासी, तुमचा मुलगा छान खेळो. आमच्याकडे दोन मुलं आहेत आणि घरात एकच पगार येतो. साडेतीन हजार म्हणजे आमचं महिन्याचं वाणसामान. शिवाय लांब उडी शिकवणारी अकादमी मी शोधली, कळवा-ठाण्यात मला तरी सापडली नाही. मैदानी खेळांना खासगीत गिऱ्हाईक नाही. सिंथेटिक ट्रॅकवर सराव करायचा तर मरिन लाइन्सला विद्यापीठाच्या मैदानावर जायचं, लोकलने. शाळा सांभाळून रोज कसं जमणार?

@आकडेमोड, आकड्यांबद्दल आभार. पण "वर दिसायला लागलं की" हेच तर विचारते आहे. दिसणार कशी ती?

कोपरखैरणेची_मीरा | ९ जुलै, दुपारी ४:२०

सगळे पदकांबद्दल बोलताहेत म्हणून मी दुसरं सांगते. माझा मुलगा कुठल्याच संघात कधी नव्हता. चौथीत वजन जास्त, धावला की धाप लागायची, मुलं चिडवायची. पी.टी.च्या तासाला पोटात दुखतं म्हणून बाकावर बसायचा. त्याच्या शाळेत एक सर होते. त्यांनी त्याला खो-खोचा गुणलेखक केलं. हातात पॅड, पेन्सिल आणि घड्याळ. पंधरा दिवसांत त्याला नियम तोंडपाठ झाले. मग सर म्हणाले, एकदा पाटीवर बस, कसं वाटतं बघ. बसला. खो मिळाल्यावर उठायला त्याला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागायचा, पण दिशा कधी चुकली नाही, कारण महिनाभर त्याने खेळ बाहेरून बघितला होता. आज अकरावीत आहे, रोज संध्याकाळी सायकल चालवतो, स्वतःहून.

त्याला कुठली योजना लागू पडली असती? कुठलीच नाही. त्याला फक्त एक माणूस लागला, जो रोज शाळेत होता आणि ज्याने पन्नास मुलांत त्याला ओळखलं.

निवृत्त_क्रीडाशिक्षक | ९ जुलै, रात्री ९:१५

मीराताई, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत.

@आकडेमोड, तुमचा मुद्दा मान्य करून एक विचारतो. कुसाळेंना प्रबोधिनीच्या दारापर्यंत वडिलांनी नेलं. ज्या घरात वडिलांना प्रबोधिनी हा शब्दच माहीत नाही, त्या घरच्या मुलाला कोण नेणार? आजवर ते काम पी.टी.चा मास्तर करत आला. नव्या वर्षी प्रत्येक वर्गाला मैदानाला एक फेरी मारायला लावायचो आणि मी कोपऱ्यावर उभा राहायचो. कोण पहिला येतो ते बघायला नाही. वळणावर कुणाचा पाय कसा पडतो, कोण तोंडाने श्वास घेतो, कुणाची बूटं फाटली आहेत, कोण दमूनही थांबत नाही, हे बघायला. एका तासात कळतं. चाळीस वर्गांचे चाळीस तास गेले की शाळेतली सगळी मुलं माझ्या डोक्यात असायची. ही निवड कुठल्याही शिबिरापेक्षा स्वस्त आणि तिला कुणाचं मूल सुटत नाही.

जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी जिंकला आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. खो-खो अजूनही शाळेच्या आणि मंडळाच्या मातीतच शिकतात. ती माती भिजवणारा, आखणारा, पहिला खो द्यायला शिकवणारा माणूस गेला तर दहा वर्षांनी संघ कुठून आणाल?

ताई, त्या खड्ड्याबद्दल एक काळजीचं. घट्ट वाळूवर मुलींना पूर्ण धाव घेऊन उडी मारू देऊ नका. टाचेचा झटका थेट कंबरेपर्यंत जातो. वाळू किमान फूटभर खोल मोकळी असल्याशिवाय नुसता धावपट्टीचा सराव घ्या, पावलं मोजून. आणि उडीच्या आधी दर वेळी वाळू ओढून फळीच्या पातळीला आणा.

ऐरोली_बीपीएड | १० जुलै, रात्री १२:३०

आत्ता घरी आलो, वाचलं, लिहितोय. वय २७. दोन वर्षांचं बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची पदवी) केलं, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्सही केला. तिथे राहून जे शिकलो ते सोनं आहे. कुठल्या वयात किती भार द्यायचा, वाढीच्या वयात गुडघे का दुखतात, सगळं.

आता माझा दिवस ऐका. सकाळी सात ते साडेबारा एका शाळेत, ठेकेदारामार्फत. बारा हजार, तेही वर्षाचे दहा महिने. दिवाळी आणि मे महिन्याचे पैसे नाहीत. दुपारी घरी. चार वाजता ऐरोलीहून बसने ठाणे, तिथून घोडबंदरच्या एका मोठ्या संकुलात मुलांना स्केटिंग आणि फिटनेस. शनिवार-रविवार आणखी एक संकुल. माझा खेळ मैदानी, थाळीफेक. थाळीफेक शिकून तीन वर्षांत एकाही मुलाला शिकवलेली नाही.

राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, चांगली गोष्ट आहे. दहावी-बारावीला जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण आहेत, त्याने पालक मुलांना मैदानावर पाठवतात. पण खेळ शिकवणाऱ्यासाठी काय? खेलो इंडिया केंद्राच्या योजनेत पूर्वीच्या गुणी खेळाडूला प्रशिक्षक म्हणून मानधन, केंद्राला सुरुवातीला ५ लाख आणि पुढे दरवर्षी ५ लाख अशी सोय आहे. विचार योग्य आहे. असं एकेक केंद्र प्रत्येक शाळा-समूहासाठी असतं तर मी आज ऐरोलीत माझ्याच शाळेत थाळी शिकवत असतो.

त्या बी.कॉम.च्या मुलाला एक सांगा: वही जपून ठेव. आणि शाळेकडून लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घे, दर सहा महिन्यांनी. मी घेतलं नाही, फार अडलं.

घणसोलीकर | १० जुलै, सकाळी ११:००

जागेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण नवी मुंबईत मूळ दुखणं तेच आहे. घणसोलीत २००३ पासून सुमारे २० एकर जागा सरकारी क्रीडा संकुलासाठी राखून ठेवली होती. २०२१ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की संकुल रायगड जिल्ह्यात माणगावला न्यायचं. घणसोलीपासून शंभराहून जास्त किलोमीटर! आणि इथल्या जागेचा काही भाग सिडकोने बांधकामासाठी विकासकाला दिला. वास्तुविशारदांच्या संस्थेने जनहित याचिका केली आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संकुल हलवण्याचा तो निर्णय रद्द केला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही शहरातल्या उरल्यासुरल्या मोकळ्या जागांबद्दल न्यायमूर्तींनी कडक शब्दांत सुनावलं.

याच शहरात नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला. मी लेकीला घेऊन बाहेर गर्दीत उभा होतो, आत तिकीट मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने बॅट मागितली. बॅट आणली. खेळायचं कुठे, तर इमारतीखाली दोन गाड्यांच्या मधे, मऊ चेंडूने, सेक्रेटरी येईपर्यंत.

संकुलांसाठी राज्याने २०२२ मध्ये अनुदानाच्या मर्यादा वाढवल्या: तालुक्याला १ कोटीवरून ५ कोटी, जिल्ह्याला ८ वरून २५ आणि विभागाला २४ वरून ५० कोटी. पैसा वाढला. पण शहरात जागाच हातची गेली तर ते पैसे लावणार कशावर? म्हणून माझं म्हणणं, आपापल्या विभागातला विकास आराखडा उघडा, खेळाचं मैदान म्हणून आरक्षण असलेले भूखंड शोधा आणि प्रत्यक्ष जाऊन बघा तिथे आज काय आहे.

पूर्वी_प्रबोधिनीत | १० जुलै, रात्री १०:४५

मी प्रबोधिनीत पाच वर्षं होते. राज्यात १९९६ पासून हा उपक्रम सुरू आहे. आठ ते चौदा वयाच्या मुलांच्या शारीरिक चाचण्या घेतात: तीस मीटर धाव, शटल रन, उभ्याने लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, आठशे मीटर, लवचिकता वगैरे. राज्यस्तरावर पदक असेल तर थेट प्रवेशाचाही मार्ग आहे.

कळव्याच्या ताईंना मनापासून सांगते, माहिती जरूर काढा. राहणं, जेवण, शाळा, प्रशिक्षक सगळं तिथे मिळतं. पहाटे पाचची शिट्टी, दूध, मैदान, शाळा, परत मैदान. पहिले तीन महिने रोज रात्री रडले. नंतर सुट्टीत घरी आले की मैदानाची आठवण यायची. घरातलं लहानपण मात्र तिथे संपतं, तेही खरं आहे. तेराव्या वर्षी मुलीला विचारा, तुम्ही ठरवू नका. आणि ती नाही म्हणाली तर तिला गावातच उडी मारता आली पाहिजे. खेळायचं असेल तर घर सोड, एवढाच पर्याय मुलीपुढे असू नये.

आकडेमोड | ११ जुलै, सकाळी ७:५०

सगळं वाचलं. माझं मत थोडं बदललं, ते मोकळेपणाने लिहितो. मी गुणवत्तेवर खर्च म्हणत होतो, पण गुणवत्ता ओळखण्याचा खर्च मी धरलाच नव्हता. तो आजवर क्रीडाशिक्षकाच्या पगारात लपलेला होता आणि तो पगार शिक्षण खात्यातून यायचा, क्रीडा खात्यातून नाही. पद बंद झालं तेव्हा शिक्षण खात्याचा खर्च वाचला आणि क्रीडा खात्याच्या हिशेबात काहीच कमी झालेलं दिसलं नाही. नुकसान कुठल्याच खात्यावर पडलं नाही, म्हणून कुणी विचारतही नाही. आमदारांना पत्र लिहायचं असेल तर हा मुद्दा त्यात घ्या. मसुदा मी करून देतो.

कळव्याची_आई | १७ जुलै, रात्री ९:३०

सगळ्यांचे खूप आभार. काय झालं ते सांगते.

क्रीडा कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी अर्धा तास देऊन समजावलं. क्रीडांगण विकास अनुदानाला मैदान शाळेच्या मालकीचं किंवा दीर्घ भाडेपट्ट्याचं असल्याची कागदपत्रं लागतात. आमचं मैदान शाळेचं नाही, शाळा फक्त वापरते. म्हणजे ते दार आत्ता तरी बंद. संस्थेकडे भाडेपट्ट्याबद्दल अर्ज द्यायचं मुख्याध्यापिका बाईंनी कबूल केलं आहे, त्याला वेळ लागेल.

सोमवारी शिक्षक-पालक संघाची सभा झाली. मी कधी सभेत बोलले नव्हते, हात थरथरत होते. वहीची दोन पानं मोबाइलवर दाखवली, मुलींची नावं आणि उड्या. वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचा वाळू-खडीचा धंदा आहे, ते म्हणाले, पाऊस उघडला की एक गाडी धुतलेली वाळू टाकतो. संघाच्या निधीतून त्या मुलाला महिना तीन हजार द्यायचं ठरलं, दोघांनी विरोध केला, तरी ठरलं. लेटरहेडवर पत्र मिळालं. त्याने ते दोनदा वाचलं आणि घडी न घालता पुठ्ठ्यात ठेवलं. पुढच्या वर्षी बी.पी.एड.ची प्रवेश परीक्षा देणार म्हणतो.

पी.टी.चा तास अजून गणिताकडेच आहे. आमदारांचं पत्र तयार आहे, आकडेमोड यांनी फार नेमकं लिहून दिलं. शंभर पालकांच्या सह्या हव्यात, एकेचाळीस झाल्या आहेत. कळवा, खारेगाव, विटावा भागातले कुणी असाल तर सांगा, मी कागद घेऊन येते.

शनिवारी सकाळी सहाला आम्ही खड्डा खोल उकरणार आहोत. दोन फावडी आहेत, तिसरं कुणाकडे असेल तर हवं आहे. टेप अजून तीच, फाटकी.

निवृत्त_क्रीडाशिक्षक | १७ जुलै, रात्री १०:०२

फायबरची पन्नास मीटरची टेप घरात आहे, निवृत्त होताना विद्यार्थ्यांनी दिलेली. शून्यापासून शाबूत आहे. शनिवारी पावणेसहाला कळवा स्टेशनच्या पूर्वेला उतरतो, तिथून रस्ता सांगा.

ऐरोली_बीपीएड | १७ जुलै, रात्री ११:४०

शनिवारी माझी बॅच नऊ वाजता आहे. आठपर्यंत थांबू शकतो. फावडं आणतो.